दुसरा राउटर जोडताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

दोन्ही राउटरना एकच नाव आणि पासवर्ड द्यावा का? (दादर)

द्यावा, सिक्युरिटीचा प्रकारही एकच ठेवा, चॅनल (वाय-फायची हवेतली वाट) मात्र वेगळे.

लांबट फ्लॅट आहे. एक रिपीटर लावला, त्याच्यापुढे दुसरा. शेवटच्या खोलीत दांड्या फुल, तरी व्हिडिओ अडकतो. दुकानदार म्हणतो, तिसरा घ्या. (मुलुंड)

घेऊ नका. दांड्या दाखवतात ते तुमच्या फोनपासून जवळच्या रिपीटरपर्यंतचं. त्या रिपीटरला मागून काय मिळतंय, हे त्यांना ठाऊक नसतं. साधा रिपीटर ऐकतो आणि त्याच चॅनलवर तेच पुन्हा बोलतो. तुमच्या साखळीत प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) तीनदा हवेत जातं, म्हणजे वेग फार तर एक तृतीयांश. आरसीसी भिंतींची वजाबाकी वेगळीच. ‘जिथे रेंज नाही तिथे रिपीटर लावा’ हे ऐकीव शहाणपणही सोडा. रेंज चांगली आहे तिथेच, अर्ध्या वाटेवर लावायचा. मूळ राउटरचा सिग्नल तिथे उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास हवा. फोनवरच्या वाय-फाय अ‍ॅनालायझरमध्ये दिसतो. दोन रिपीटर लागलेच, तर दोन्ही थेट मूळ राउटरला जोडा.

खरा उपाय मूळ राउटरपासून शेवटच्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरपर्यंत केबल. कॅट ६, अस्सल तांब्याची. स्वस्त बंडलात तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम सर्रास खपवतात. आठही तारा टोकाच्या प्लगात क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्या, चारच जोडल्या तर १०० एमबीपीएसच्या पुढे जाणार नाही. राउटरच्या खोक्यावरच्या ‘१२००’वर भुलू नका: ती दोन बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) गोळाबेरीज (३०० अधिक ८६७), आणि मागचं लॅन पोर्ट (घरातली यंत्रं जोडायचं) बरेचदा १०० चंच. विजेच्या वायरींच्या पाइपातून केबल ओढू नका. भिंत फोडण्याआधी वायरमनला जागा दाखवा.

जुना राउटर केबलने जोडला. नेट चालतं, पण दुसऱ्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही. (गिरगाव)

केबल वॅन पोर्टात (बाहेरून नेट घेण्याच्या) आहे, म्हणून घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. जुन्या राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (नुसतं वाय-फाय देणारा) असेल तर तो निवडा. नसेल तर केबल काढा, जुन्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला (मूळ राउटरचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२), त्याचा डीएचसीपी (यंत्रांना आयपी वाटणारी सोय) बंद करा आणि मगच केबल लॅन पोर्टात घाला. क्रम चुकला तर आहे तेही नेट जाईल. डीएचसीपी सापडेना, तर उगाच बटणं दाबू नका, जाणकाराला बोलवा.

चॅनल ऑटोवर ठेवू? चाळीत सगळ्यांचे राउटर आहेत. (लालबाग)

ऑटोवर नको. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच एक चॅनल, त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

सोसायटीच्या दोन इमारती गच्चीवरून लॅन केबलने जोडायच्या आहेत. पावसाळ्यानंतर केलं तर चालेल? (बोरिवली)

पावसाळ्यानंतरही तांब्याची केबल नकोच. जवळपास वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रं जातील. शिवाय १०० मीटरची मर्यादा आहेच. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जुळवणारी डबी). केबल आधीच लोंबत असेल तर आजच काढा. जूनची वाट कसली पाहता? एकच कनेक्शन दोन इमारतींत वाटण्याची कंपनीची परवानगी आहे का, तेही आधी लेखी विचारा.