वकील शोधण्याआधी पाचवं कर्ज

"मॅडम, दिवाळखोरीचा अर्ज करून देणारा एखादा चांगला वकील सांगा ना." समुपदेशनाच्या टेबलावर हा प्रश्न वारंवार येतो. विचारणारा दरवेळी शेतकरीच असतो असं नाही. कृषी केंद्रवाले असतात, जिनिंगला गाड्या लावणारे असतात, दुसऱ्याच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करून बसलेले मास्तर असतात. मी वकील नाही आणि कोणत्याही वकिलाचं नाव मी सुचवत नाही. पण हा वकील निवडायचा कसा, हे एका कुटुंबासोबत बसून पाहिलं होतं. त्यांच्या परवानगीने ते इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भाऊंचं कृषी केंद्र. जोडीला थोडं वावर. बियाणं, खत, फवारणीची औषधं उधारीवर द्यायची आणि कापूस-सोयाबीनचे पैसे आले की वसूल करायचे, हा धंद्याचा रिवाज. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले आणि गावाची उधारी वहीतच राहिली. बँकेची सी.सी. (दुकान चालवायला घेतलेलं कॅश क्रेडिट कर्ज) थकली, पतसंस्था मागे लागली, डिस्ट्रिब्युटरने चेक वटवायला टाकले आणि ते परत आले. वहिनी त्यांना घेऊन आल्या होत्या.

भाऊंचा पहिला प्रश्न वकिलाचा नव्हताच. "मले एवढंच सांगा, जेलात टाकतीन का?"

वकिलाच्या गोष्टी नंतर. आधी मी त्यांना स्पष्ट शब्दांत विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग हो म्हणाले. औषधांच्या गोदामाची किल्ली त्याच दिवशी धाकट्या भावाकडे गेली, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांची भेट ठरली आणि रात्रीबेरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये टाकला. कर्जाचं गणित त्यानंतर. झोप नसलेला माणूस वकील निवडत नाही, समोर येईल त्याच्या पाया पडतो.

जेलच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सांगावी लागतात. नुसतं देणं थकलं म्हणून तुरुंग होत नाही. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावरही, ऐपत असून माणूस मुद्दाम बुडवतोय असं दिसलं तरच अटकेचा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. चेक परत गेल्याची केस मात्र फौजदारी असते. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला म्हणून ती केस थांबत नाही. डिस्ट्रिब्युटरची नोटीस हातात पडली की पैसे द्यायला 15 दिवस मिळतात. भाऊंनी ती नोटीस न फोडताच गल्ल्याखाली ठेवली होती.

मग आम्ही वही उघडली. कोणाचं देणं, कधी घेतलं, किती उरलं, तारण काय, जामीनदार कोण, शेवटचा कागद कोणता आला आणि त्यावर तारीख काय. भाऊंनी चार नावं लिहिली. वहिनी चहा सांगायला बाहेर गेल्या तेव्हा हळूच पाचवं सांगितलं. दोन एकर वावर त्यांनी एका सावकाराच्या नावे खरेदीखत करून दिलं होतं. तोंडी बोली अशी की पैसे फिटले की तो वावर परत लिहून देईल. व्याज महिन्याचं. घरात कोणालाच माहीत नाही.

आणि इथेच कळलं की त्यांना वकील का सापडत नव्हता. तालुक्याला वकील भरपूर आहेत. पण तो सावकार त्या सगळ्यांना ओळखतो, चहाच्या टपरीवर त्यांच्यासोबत बसतो, हे भाऊंच्या मनात घट्ट बसलं होतं. म्हणून ते मोबाईलवर लांबचा माणूस शोधत होते. सापडलाही होता. 'कर्जमुक्ती' करून देणारी एक कंपनी रोज फोन करत होती. नोंदणीचे पैसे आधी भरा, हप्ते बंद करा, बँकेशी आम्ही बोलतो, कोऱ्या कागदावर सही करून पाठवा. फोनवरच्या पोराला मी एवढंच विचारायला लावलं, की तुमचा सनद क्रमांक काय. फोन कट. वकिलाची सनद बार कौन्सिल देते, आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, आणि तिच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून गिऱ्हाईक बोलावता येत नाही. स्वतःहून फोन करून कर्ज माफ करून देतो म्हणणाऱ्याला कोर्टात उभं राहायचंच नसतं.

दुसरा माणूस साळ्याने आणला. तालुक्यातलं मोठं नाव, जमिनीचे दावे आणि फौजदारी. कागद न बघताच म्हणाले, "होऊन जाते सगळं, काळजी नका करू." सल्ला दिला की घर आजच बायकोच्या नावे करून टाका. फी म्हणाले, जेवढं कर्ज वाचवीन त्याचा चौथा हिस्सा. वहिनींना माणूस आवडला, कारण पहिल्यांदाच कोणीतरी काळजी करू नका म्हणालं होतं. त्यांना तसं वाटणं अगदी साहजिक होतं. पण एकाच बैठकीत दोन गोष्टी बिघडलेल्या होत्या. निकालातून हिस्सा घेण्याची फी वकिलांच्या नियमांत बसत नाही. आणि नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत घरच्यांच्या नावे फुकट केलेली बदली कोर्ट रद्द ठरवू शकतं. मालमत्ता लपवली तर तो वेगळा गुन्हा. म्हणजे त्या सल्ल्याने घर तर वाचलं नसतंच, वर भाऊंची नियतही कोर्टात संशयात आली असती.

आपल्या भागात लोक 'दिवाळखोरीचा वकील' अशी पाटी शोधत फिरतात. जिल्हा कोर्टाच्या आवारात तशी पाटी क्वचितच दिसेल. ग्रामीण भागातल्या सामान्य माणसाला अजूनही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे, आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. या कायद्याचं वय किती, ते त्यातल्या अटीवरून कळतं: अर्जासाठी किमान कर्ज 500 रुपये! 2016 च्या दिवाळखोरी संहितेबद्दल यूट्यूबवर भरपूर सांगितलं जातं. पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी सुरू झाला आहे. कृषी केंद्र चालवणाऱ्या भाऊंना तो लागू नाही. म्हणून मी त्यांना सांगितलं, वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्यासारख्याला कोणता कायदा लागतो? आणि दुसरा: नादार ठरल्यावर पुढे काय? कारण नादार ठरणं म्हणजे सुटका नव्हे. मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. कर्जातून मुक्ततेचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो कोर्टाने दिलेल्या मुदतीत केला नाही तर सगळा आदेशच रद्द होऊ शकतो. तारण धरलेल्या बँकेचा हक्क तसाच राहतो. सरकारी देणं सुटत नाही. मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही. आपल्याकडे ही गोष्ट तुम्हाला वाटते तेवढी छोटी नाही, भाऊंचा चेहरा सर्वांत जास्त त्याच वाक्याला उतरला.

या दोन प्रश्नांवर जो वकील अडखळेल तो वाईट माणूस असेल असं नाही, पण या कामाचा नाही.

नावं मिळवायला भाऊंच्या धाकट्या भावाने चांगली मेहनत घेतली. यवतमाळच्या कोर्टात बार रूममध्ये जाऊन विचारलं, दुकानाचा जीएसटी भरणाऱ्या कर सल्लागाराला विचारलं, आणि मिळालेली नावं ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने टाकून पाहिली. कोण कोणत्या प्रकारच्या केसेसमध्ये उभं राहतं ते तिथे दिसतं. एक उत्तम नाव त्यातच गळालं. ते ज्या बँकेचं देणं होतं तिच्याच पॅनेलवर होते. लहान जिल्ह्यात हे नेहमी होतं, वसुलीचं काम ज्याला नीट येतं तो बहुतेक वेळा बँकेचाच वकील असतो. कागद दाखवण्याआधी, ज्या पाच जणांचं देणं आहे त्यांपैकी कोणाचं काम तुम्ही करता का, असं विचारायला लाजू नये. चांगला वकील त्याचा राग धरत नाही.

शेवटी ज्यांच्याकडे काम दिलं ते बोलायला कोरडे. वहिनींना आधी आवडलेच नाहीत. "हसतही नाहीत जी," म्हणाल्या. पण त्यांनी पाचही ओळी वाचल्या आणि प्रत्येक कर्जाचा रस्ता वेगळा करून दाखवला. बँकेची नोटीस सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा), 60 दिवसांची. तिला आताच लेखी हरकत द्यायची, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुकानाच्या ताब्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जावं लागेल. "ते काम मी करत नाही, नागपूरचा सहकारी करेल, त्याची फी वेगळी." वावराला सरफेसी लागत नाही, शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. पण पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुलीचा दाखला मिळवून वावरावर येऊ शकते. त्या दाखल्याविरुद्ध वर जायचं तर निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून खालच्या सुनावणीलाच हजर राहून हिशोबावर भांडायचं. नोटीस टाळून घरी बसायचं नाही. शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीतून सुटतं हे खरं, पण ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर आहे त्याचंच. "तुमचं पोट दुकानावर आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका."

आणि पाचवं? तिथे भाऊ अडखळले. वकिलांनी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं की अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर बोलणं कायद्यानेच मना आहे, आणि तो सावकार त्यांचा ना पक्षकार ना मित्र. मग रस्ता सांगितला. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमात, कर्जाची हमी म्हणून खरेदीखताने गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर. सावकाराकडे परवाना नसेल तर तो त्याचाच गुन्हा. भाऊ जे लपवत होते, त्यातच त्यांची सर्वांत भक्कम बाजू होती. ही गोष्ट न सांगता कितीही हुशार वकील केला असता, तरी त्याने चुकीच्या कागदावर मेहनत घेतली असती. त्या संध्याकाळी घरी वहिनींना सांगायचं कसं, यावर आम्ही वेगळं बसलो. ते सोपं गेलं नाही, आणि त्यात वकिलाचं काही काम नव्हतं.

फी टप्प्याने ठरली: नोटिसांची उत्तरं, चेकची केस, सावकारीचा अर्ज, आणि नादारीचा अर्ज करायची वेळ आलीच तर तो. प्रत्येकाची रक्कम एका कागदावर, पावती दरवेळी. मूळ कागद वकिलाकडे ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या. पुढे पटलं नाही तर वकील बदलता येतो, आणि फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगून ठेवलंय. कोऱ्या वकालतनाम्यावर सही मात्र कधीच करायची नाही.

जवळचा की नागपूरचा, हा प्रश्न लोक फार ताणतात. माझं मत असं की केस जिथे चालते तिथला वकील घ्यावा. भाऊंची चेकची केस तालुक्याला, नादारी आणि सावकारी जिल्ह्याला, सरफेसी नागपूरला. नागपूरचं मोठं नाव दर तारखेला तालुक्याच्या कोर्टात येत नाही, ज्युनिअर येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. गावात बोभाटा होईल म्हणून लांबचा वकील करणाऱ्यांना मी सांगते, बोभाटा वकिलामुळे होत नाही, दाराला जप्तीची नोटीस चिकटली की होतो.

नादारीचा अर्ज अजून दाखल झालेला नाही. वकिलांचं म्हणणं, आधी बँकेशी एकरकमी तडजोडीचं बोलून पाहू आणि जमलं तर लोकअदालतीत पक्कं करू. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा परवडणारा असेल तरच सही करायची. सावकारीचा अर्ज उपनिबंधक कार्यालयात आहे. डिस्ट्रिब्युटरने चेकच्या केसमध्ये हप्ते कबूल केले. भाऊ औषधं घेतात, रात्री झोपतात. तीन एकरांवर पऱ्हाटी उभी आहे.

एक गोष्ट वकिलांनी स्वतःहून काढली, ती सांगायलाच हवी. पतसंस्थेच्या कर्जाला वहिनींची जामीनदार म्हणून सही आहे. भाऊ उद्या नादार ठरून मोकळे झाले तरी जामीनदार मोकळा होत नाही. म्हणजे या एका कर्जात नवरा-बायकोचं हित वेगळं आहे. ते म्हणाले, "यांच्यासाठी दुसरा वकील पाहा, मी दोघांचा राहू शकत नाही." वहिनींना ते आधी टोचलं. पण तालुका विधी सेवा समितीकडून त्यांना मोफत वकील मिळाला. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. समितीचं ऑफिस तालुक्याच्या कोर्टातच असतं. आधार कार्ड, आलेल्या नोटिसा आणि कर्जाचे कागद घेऊन जायचं, अर्ज तिथेच भरून मिळतो. आधी फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेची हेल्पलाइन 15100.