देवळाच्या शिखराची उंची जमिनीवरूनच मोजता येईल का? आणि बारावीतलं ते सावलीचं गणित कशाच्या उपयोगाचं?

तुमची अडचण अशी दिसते: देवळाला पुढे सभामंडप आहे, त्यामुळे कळसाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत टेप धरता येत नाही. फोनवरचं अ‍ॅप दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. आणि शेवटी तुम्ही जरा वैतागून विचारलंय, की 'दिव्याच्या खांबापासून माणूस दूर चालला आहे, तर सावलीचा वेग काढा' हे गणित आयुष्यात कुठे लागतं? तर इथेच लागतं.

दहावीची समरूप त्रिकोणांची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. उन्हात काठी उभी करा, तिची सावली मोजा, देवळाची सावली मोजा, त्रैराशिक मांडा. पण देवळाची सावली मोजायची म्हणजे कळसाच्या थेट खालच्या बिंदूपासून मोजायची, आणि तो बिंदू तर गाभाऱ्यात. थेल्स या प्राचीन ग्रीक गणितीने पिरॅमिडची उंची सावलीवरून काढली अशी कथा सांगतात, त्यातही हीच मेख आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची बाजू 230 मीटरच्या आसपास, म्हणजे सावलीतले निदान 115 मीटर दगडाच्या आतच गेले. तिथे पाया चौकोनी आहे, त्यामुळे बाजूची निम्मी लांबी मिळवून सुटका होते. तुमच्या देवळाला सभामंडप, ओवऱ्या, मागून केलेली बांधकामं. तिथे असा हिशेब जुळवत बसण्यात अर्थ नाही.

म्हणून सावलीची लांबी मोजूच नका. सावलीचं टोक किती सरकलं तेवढं मोजा.

सकाळी शिखराची सावली अंगणात सपाट जागी पडलेली असताना तिच्या टोकाशी खडूने खूण करा. त्याच क्षणी जवळच ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीच्या सावलीच्या टोकाशीही खूण करा. पाऊण-एक तासाने दोन्हीकडे पुन्हा खुणा करा. आता शिखराच्या दोन खुणांमधलं सरळ अंतर भागिले काठीच्या दोन खुणांमधलं अंतर हे थेट उंचींचं गुणोत्तर. काठी दीड मीटरची, तिचं टोक 60 सेंटिमीटर सरकलं आणि शिखराचं 8 मीटर, तर शिखर 20 मीटर. पाया कुठे आहे हे कुणी विचारलंच नाही. सूर्याचे किरण समांतर असल्याने कोणत्याही क्षणी शिखराची सावली ही काठीच्या सावलीचीच काही पट मोठी, त्याच दिशेची प्रत असते. तो पट बदलत नाही, म्हणून सरकण्यालाही तोच लागू होतो. सावली तासाभरात लांबीने घटते आणि थोडी वळतेही, त्याने काही बिघडत नाही.

आता तुमचं खांबाचं गणित. खांब 6 मीटर, माणूस 2 मीटर, चाल ताशी 5 किलोमीटर. सावली ताशी अडीच किलोमीटरने वाढते, म्हणजे तिचं टोक ताशी साडेसात किलोमीटरने पळतं. पुस्तक इथे थांबतं आणि आपणही गुण घेऊन मोकळे होतो. पण साडेसात भागिले अडीच किती? तीन. आणि 6 भागिले 2? तेही तीनच. टोकाचा वेग भागिले सावली वाढण्याचा वेग म्हणजेच खांबाची उंची भागिले माणसाची उंची. गणित उलटं वाचलं की खांबाला हात न लावता त्याची उंची मिळते.

हे आपल्याकडे फार जुनं आहे. 499 सालच्या 'आर्यभटीया'त दोन शंकूंच्या, म्हणजे सावली मोजायला उभ्या केलेल्या खुंट्यांच्या, सावल्यांवरून दिव्याची उंची काढायचा नियम आहे, आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) छायाव्यवहारात, म्हणजे सावलीच्या गणितांच्या प्रकरणात, त्याचं उदाहरण आहे. 12 अंगुळांच्या शंकूची सावली 8 अंगुळं पडते. शंकू दोन हात, म्हणजे 48 अंगुळं, पुढे सरकवला की सावली 12 होते. सावली 4 ने वाढली, टोक 48 अधिक 4 म्हणजे 52 ने सरकलं. 52 भागिले 4, गुणिले 12: दिवा 156 अंगुळं, साडेसहा हात. बारावीच्या गणितातला 'वेग' काढून त्या जागी 'सरकणं' ठेवलं की नेमकं हेच उरतं. फरक इतकाच, की तिथे दिवा स्थिर आहे आणि शंकू हलतो. तुमच्याकडे देऊळ स्थिर आहे आणि दिवाच आकाशात चालतोय.

मात्र याच उदाहरणात एक धोका आहे. दुसरी सावली 12 ऐवजी साडेअकरा मोजली गेली तर? भाजक 4 चा साडेतीन होतो आणि दिवा साडेसहा हातांवरून सव्वासात हातांच्याही वर जातो. लहान फरकाने भागलं की चूक फुगते. म्हणून दोन खुणांमध्ये दहा मिनिटं नको, भरपूर वेळ जाऊ द्या. वरच्या आकड्यांत 60 सेंटिमीटरमध्ये 2 ची चूक झाली तरी उंची जवळजवळ पाऊण मीटरने हलते.

वेळेचंही तसंच. सूर्य 45 अंशांवर असताना आपल्याकडे 20 मीटर शिखराच्या सावलीचं टोक मिनिटाला सुमारे 15 सेंटिमीटर सरकतं. एकट्याने इकडची खूण करून सावकाश तिकडे गेलात तर उत्तर गेलंच. दोघं हवेत, आणि फोनवर 'आता' म्हणायचं. दुपार टाळा. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस तर पुण्या-मुंबईकडे सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सावली देवळातच गडप. शिवाय सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे; 30 मीटरवरून पडणाऱ्या सावलीची कड पाव मीटरहून जास्त पुसट होते. कळसाचं बारीक टोक जमिनीवर दिसणारच नाही. त्याखालचा एखादा ठसठशीत भाग धरा, दोन्ही वेळा तोच.

अ‍ॅपबद्दल: ते कोन मोजून उंची काढतं. 45 अंशांच्या आसपास एका अंशाची चूक उंचीत साडेतीन टक्के येते, 75 अंशांना सात टक्के. तुम्ही बहुधा देवळाच्या फार जवळ उभे राहून बघताय. मागे जा.