पंच्याऐंशी न्यूटन-मीटरसाठी तीन लाखांचे कर्ज घ्यावे का?

प्रश्न: मी अचलपूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. हातात ५२ हजार रुपये पगार येतो, त्यातून घरकर्जाचा १४ हजारांचा हप्ता जातो. घरची चार एकर संत्र्याची बाग आहे. शाळा ११ किलोमीटरवर आहे आणि रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढावा, ही फार दिवसांची इच्छा आहे. जर्मनीतील मेहुणे बॉश मोटारीची वापरलेली माउंटन सायकल सर्व खर्चासह तीन लाखांत पाठवायला तयार आहेत. त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज मिळते. दुसरा पर्याय ४८ हजारांच्या देशी सायकलचा आहे, तिची मोटार मागच्या चाकात असते. मोटारींच्या टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा (न्यूटन-मीटरमध्ये), तुलनेचा तक्ता सोबत जोडला आहे. आणीबाणीसाठी ६० हजार शिल्लक आहेत. कोणती सायकल घ्यावी?

उत्तर: सर, आपण मोटारींचा अभ्यास मन लावून केला आहे, परंतु आपल्या तक्त्यातील एक तुलना मुळातच चुकली आहे. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स, शिमानोची ईपी८ आणि यामाहाची पीडब्ल्यू-एक्स३ या मोटारींसमोर आपण ८५ न्यूटन-मीटर लिहिले आहे. तो टॉर्क पायडलच्या आसावर मोजलेला असतो, तर चाकातील मोटारीचा टॉर्क थेट चाकावर मोजतात. म्हणजे पुढे ३४ दातांची आणि मागे ५१ दातांची चकती असताना बॉशचे ८५ चाकापाशी १२७ होतात, आणि मागे १७ दातांची चकती घेतली की तेच ४२ वर येतात. पायडलपाशी बसवलेल्या अशा मधल्या मोटारीची खरी कमाई ही आहे, की चढावर गिअर बदलून ती स्वतःच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. चाकातील मोटारीला चाकाच्या वेगाप्रमाणेच फिरावे लागत असल्यामुळे घाटात वेग मंदावला की ती बॅटरी खाते आणि तापते.

हे घाटाच्या हिशेबात मांडू. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत उंची सुमारे ७०० मीटरने वाढते. आपण आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर केवळ उंची गाठायला १९० वॉट-अवर ऊर्जा लागते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या देशी बॅटरीत ३६० वॉट-अवर मावते. त्यात मोटारीची उष्णता आणि रस्त्याचे घर्षण मिळवले, तर नुसत्या मोटारीच्या भरवशावर वर पोहोचेपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी होईल. आपण निम्मा जोर लावला, तर मात्र घाट चढून होईल. घाटाचाच प्रश्न असता, तर मी बॉशच्या बाजूने मत दिले असते.

पण पैसा घाटापुरता खर्च होत नाही. तीन लाखांचा हप्ता सुमारे १०,२५० रुपये येतो आणि तीन वर्षांत व्याजच ६९ हजार होते. शाळेची ये-जा महिन्याला ५२८ किलोमीटर धरली, तर मोटारसायकलच्या पेट्रोलची बचत जेमतेम ११०० रुपये होते आणि सायकलची वीज शंभर रुपयांच्या आतच राहते. ४८ हजारांची सायकल सुट्ट्या धरून साडेचार वर्षांत स्वतःची किंमत फेडते, आणि नेमक्या त्याच सुमारास नवी बॅटरी घ्यावी लागण्याची शक्यता असते. म्हणून दरमहा ३०० रुपये वेगळे टाकावेत.

आता मेहुण्यांच्या 'सर्व खर्चात' बॅटरी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि अशा सायकलची बॅटरी साधारणपणे ५०० च्या पुढे असते. तिला धोकादायक माल म्हणून वेगळे पाठवावे लागते. बॉशच्या मोटारीला बॉशचीच बॅटरी लागते आणि दोष शोधण्यासाठी विक्रेत्याकडचे खास सॉफ्टवेअर लागते. परतवाड्यात डिस्प्लेवर एरर दिसला, तर सायकल कोणाकडे न्यायची? माझ्या एका ग्राहकाने परदेशी किट मागवले होते. पहिल्याच पावसात मोटार चालवणारा कंट्रोलर गेला आणि विक्रेता आजतागायत फोन उचलत नाही.

देशी सायकलही बिनतक्रारीची नाही. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो. मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला, तर ट्यूब बदलायला चाक काढण्यापूर्वी मोटारीची वायर सोडवावी लागते, त्यामुळे पान्यांसोबत जाड टायर आणि जादा ट्यूब यांचेही दीड-दोन हजार धरावेत. मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी घरी येताच चार्जिंगला लावू नये. आधी सावलीत थंड होऊ द्यावी. मोटार २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असेल, तर नोंदणी, परवाना, विमा यांचा खर्च नाही.

माझे मत स्पष्ट आहे: कर्ज काढू नये. आपली आणीबाणीची शिल्लक ६० हजार आहे, तिलाही हात लावू नये. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आल्यावर देशी सायकल रोखीने घ्यावी. हिरो लेक्ट्रो, ईमोटोराड किंवा दुसरी कोणतीही असो, जिची दुरुस्ती अमरावतीत होते ती निवडावी. दुकानदाराला आपल्यासमोर मागचे चाक काढून बसवायला सांगावे आणि नव्या बॅटरीची आजची किंमत बिलावर लिहून घ्यावी. 'बॅटरीचे तेव्हाचे तेव्हा बघू' असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दुकानात जावे.