राख आधी, लाकूड नंतर

वाचकांचे प्रश्न : उपासना आणि समर्पण

प्रश्न : 31 डिसेंबरच्या रात्री आमच्या मेथॉडिस्ट मंडळीत कराराची उपासना होते. ‘मी आता माझा नाही, तुझा आहे’ हे मीही मनापासून म्हणतो. पण उत्तरायणाचे पतंग उतरतात न उतरतात तोच सगळं पहिल्यासारखं! मग दरवर्षी हे देवाशी खोटं बोलणंच झालं ना?
– एक वाचक, फतेहगंज, वडोदरा

उत्तर : खोटं नाही, पण तयारी अपुरी. मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने ही उपासना 11 ऑगस्ट 1755 रोजी लंडनमधल्या स्पिटलफिल्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये घेतली. आदल्या बुधवारी त्याने विषय काढला, पुढच्या अनेक सकाळी तो समजावून सांगितला, शुक्रवारी अनेकांनी उपवास केला, आणि सोमवारी संध्याकाळी सुमारे 1800 माणसं संमती म्हणून उभी राहिली. आपण तीच गोष्ट केक कापण्याआधीच्या वीस मिनिटांत उरकतो. निदान नाताळनंतरच्या दिवसांत ती प्रार्थना घरी रोज एकदा सावकाश वाचा. जे वाक्य घशात अडकेल, त्याच्यापाशी थांबा.

आता जानेवारीचं. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल आपली शरीरे ‘जिवंत यज्ञ’ म्हणून अर्पण करायला सांगतो. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं होमार्पण बघा : आणणारा पशूच्या डोक्यावर हात ठेवतो, आतडी आणि पाय पाण्याने धुतले जातात, मग सगळंच्या सगळं वेदीवर जळतं. याजकाला मिळतं ते फक्त कातडं. पण ते एकदा झालं की संपलं. जिवंत यज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दात घासतो, कामावर जातो, चिडतो. म्हणून त्याला वर्षातल्या एका रात्रीचं माप पुरत नाही. निर्गम 29मधल्या नित्याच्या होमार्पणाचं लागतं. रोज दोन कोकरं, एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि त्यांच्यासोबत तेलात मळलेला सपीठ.

वेदीवरचा अग्नी कधी विझू द्यायचा नाही, असं लेवीय 6 सांगतं. पण त्याच्या आधीच्या ओळी फारसं कुणी वाचत नाही. सकाळी याजक तागाची वस्त्रं घालून आधी रात्रीची राख काढतो, वेदीच्या बाजूला ठेवतो, कपडे बदलतो आणि ती छावणीबाहेर स्वच्छ जागी नेऊन टाकतो. लाकडं रचायची ती रोज सकाळी, याच वेदीवर. राखेवर नुसतीच लाकडं रचत गेलं की धूर होतो, जाळ होत नाही, आणि आपल्या बहुतेक संकल्पांचं हेच होतं.

तेव्हा सकाळची दहा मिनिटं ठेवा. पहिली चार कालच्या राखेची : ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ असं घाऊक नको, कुणाला काय बोललो, कुठे लबाडी केली, ते नावानिशी. त्यात कुणी दुखावलं गेलं असेल तर मत्तय 5 प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा, म्हणजे त्याच दिवशी फोन. मग रोमकरांस 6 प्रमाणे एक अवयव देवाला द्या. एकच : आज जीभ, उद्या डोळे. पहाटे ‘सारं आयुष्य तुझं’ म्हणणं फार सोपं असतं. ऑफिसात अकरा वाजेपर्यंत जीभ त्याची ठेवणं अवघड. रात्री झोपताना त्या एकाच अवयवाचा हिशेब द्या.

प्रश्न : आमच्याकडे भक्ती गुजरातीत होते. गुजराती येतं, पण मन अर्ध्यातच भटकतं.
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : पाळकांकडून शनिवारीच वचनाचे संदर्भ मागून घ्या आणि रात्री मराठी पवित्र शास्त्रात वाचा. प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार मात्र गुजरातीतच पाठ करा. शब्द शोधावे लागत नाहीत तेव्हाच मन मोकळं राहतं. मराठीची भूक घरी भागवा : नारायण वामन टिळकांची (1861–1919) भजनं टाळ धरून म्हणण्यासारखी आहेत. मन भटकल्याचं कळलं की स्वतःला रागावत बसू नका, त्यात आणखी दोन मिनिटं जातात. त्या क्षणी मंडळी जे म्हणत असेल त्यात सूर मिसळा.

प्रश्न : पगार 38 हजार, घराचा हप्ता 14 हजार, शिवाय सासूबाईंची औषधं. दशमांश पूर्ण पगारावर द्यायचा की कापून हातात येतो त्यावर? नाही दिला तर समर्पण अपुरं का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : जुन्या करारात दशमांश लेव्यांसाठी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशासाठी होता (गणना 18), आणि तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातल्या परदेशी, अनाथ, विधवांसाठीही (अनुवाद 14). नव्या करारात मंडळीला टक्का ठरवून दिलेला नाही. 1 करिंथ 16 सांगतं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. 2 करिंथ 8 सांगतं की जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं. म्हणून ‘पूर्ण की हातात’ यावर वाद नको. एक प्रमाण ठरवा, समजा हातात येणाऱ्याचे चार टक्के, आणि पगार जमा होतो त्याच दिवशी पाकिटात घाला. महिनाअखेर उरलेलं देणं म्हणजे लंगडं जनावर अर्पण करणं, ज्यावरून मलाखी संदेष्ट्याने लोकांना झापलं होतं. हप्ता संपला की टक्का वाढवा.

औषधांच्या पैशांना मात्र हात लावू नका. ‘हे कुर्बान आहे’ म्हणत आईबापांचा वाटा देवाच्या नावे वळवणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये सरळ खडसावलंय. समोर कुणी जास्त दिलं की लाज वाटते, पण ती लाज समर्पणात धरू नका.

प्रश्न : आईला पक्षाघात झालाय, बोलताही येत नाही. देवाच्या उपयोगाची उरले नाही, असं खुणेने सांगते.
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : वर आलेल्या करारातच ‘मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव’ अशा आशयाची मागणी आहे. ती त्यांना वाचून दाखवा. बाजूला ठेवलं जाणंही त्यात अर्पणच आहे. मंदिरात प्रार्थना करताना हन्नाचे ओठ फक्त हलत होते, आवाज नव्हता (1 शमुवेल 1). एली याजकाला ती प्यायलेली वाटली, देवाने मात्र ऐकलं. आईंना रोज दोन नावं द्या, ज्यांच्यासाठी मनात प्रार्थना करायची, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही कळवत राहा. प्रभुभोजन घरी द्यायला पाळकांना बोलवा. गिळताना ठसका लागत असेल तर किती आणि कसं द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.