बीसीएम बदलायचा की वाचवायचा?

वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपची उत्तरे

प्रश्न : माझी १२ व्होल्टची डिलिव्हरी व्हॅन आहे. पहिला मोठा पाऊस झाल्यापासून वायपर आपोआप सुरू होतात, सेंट्रल लॉक मधूनच खटखटतं आणि रात्री गाडी उभी केली की सकाळी बॅटरी उतरलेली असते. गॅरेजमध्ये ‘बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे, वायपर, लॉक चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) गेला’ असं सांगितलं. किंमत ऐकून धडकी भरली. बदलावाच लागेल का?
— वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही सांगता ती लक्षणं बीसीएममध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये (वायरिंग जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी गेल्याची आहेत. पण पाणी गेलं म्हणजे बीसीएम मेलाच असं नाही. आधी गाडीत पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर नवा बीसीएमही पुढच्या पावसात जाईल. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पाला साचून निचऱ्याची भोकं बुजलेली असतात, काचेचं रबर सुटलेलं असतं, एसीची पाण्याची नळी निसटलेली असते किंवा टपावर कॅरिअरसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपतं. ते वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत थेट कपलरमध्ये उतरतं. एकाने बाहेरून पाइपने काचेच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसायचं. थेंब कुठून येतो ते दिसतं.

मग बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीची चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. व्होल्टेज पडलं की धडधाकट बीसीएमही वेडंवाकडं वागतो. त्यानंतर फ्यूज. बीसीएमला एकच सप्लाय नसतो. दिव्यांचा वेगळा, लॉकचा वेगळा, वायपरचा वेगळा आणि त्याच्या स्वतःच्या मेंदूचा वेगळा असे तीन-चार सप्लाय असतात. फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही, टेस्ट लॅम्प लावून दोन्ही पायांवर करंट आहे का ते बघा.

सगळ्यात जास्त फसवतो तो अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो, पण दहा अँपिअर मागितले की ती तार हात टेकते. म्हणून अर्थ लोडवर तपासायचा. हेडलाइट, हॅझर्ड, ब्लोअर सगळं चालू करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कपलरच्या मागच्या बाजूने बीसीएमच्या अर्थ पिनवर ठेवा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२च्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट खोलून पत्र्यावरचा रंग आणि गंज घासून काढा. सप्लायच्या पिनवर २१ वॅटचा बल्ब लावून बघा. तो जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो. मीटर १२ व्होल्ट दाखवत असेल आणि बल्ब मिणमिणत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, बीसीएममध्ये नाही.

आता वायपर. स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटामध्ये वायपर स्विच बघा. स्विच बंद असताना स्क्रीनवर ‘चालू’ दिसत असेल तर स्टिअरिंगजवळच्या स्विचचा कपलर काढा. स्क्रीनवर ‘बंद’ झालं तर स्विच खराब. तरीही ‘चालू’च राहिलं तर मधल्या वायरमध्ये शॉर्ट आहे किंवा बीसीएममध्ये. उलट, स्क्रीनवर स्विच व्यवस्थित बंद दिसतो आणि तरी वायपर फिरतात, तर संशय वायपरच्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) किंवा बीसीएमच्या आउटपुटवर जातो.

सप्लाय, अर्थ, स्विच, वायर सगळं ठीक निघालं तरच बीसीएम उघडा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअरबॅगची गाडी असेल तर काही मिनिटं थांबा, मग कपलर सोडवा. पिनांवर नुसता हिरवट थर असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरून धुवा, पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवा. कानस, पॉलिश पेपर अजिबात नको, पिनांवरचा मुलामा निघून जातो. हीट गनही नको. बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या असतील किंवा पिनांची मुळं काळी पडली असतील, तर मात्र बदलणंच बरं. धुऊन चार महिने चालेल आणि नेमका घाटात रात्री दिवे घालवेल.

बॅटरी उतरण्याचं वेगळं मोजा. निगेटिव्हच्या वायरीत अँपिअर मीटर सीरिजमध्ये लावा, दारं लॉक करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपली की साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. दोनशे-तीनशेवर अडकलं तर काहीतरी जागं आहे. फ्यूज काढून शोधू नका, फ्यूज काढला-घातला की झोपलेली मॉड्यूल पुन्हा उठतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर धरा. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो त्या सर्किटमधून करंट जातोय.

प्रश्न : नवा ओरिजिनल बीसीएम आणून बसवला. कपलर तेच, पार्ट नंबर तोच. पण गाडी सेलच घेत नाही, मीटरमध्ये किल्लीचं चिन्ह लुकलुकतं. दुकानदार म्हणतो पार्टमध्ये दोष नाही.
— वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदार बहुधा बरोबर आहे. नवा बीसीएम कोरा येतो. त्याला तुमचा चासी नंबर माहीत नसतो आणि गाडीला एबीएस, फॉग लॅम्प, मागचा वायपर, सेंट्रल लॉक आहे की नाही हेही माहीत नसतं. शिवाय बऱ्याच व्हॅनमध्ये इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) बीसीएममध्येच असतो. इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्याच्याकडून गुप्त कोड मागतो, तो जुळला नाही की इंजिन सुरू होऊ देत नाही. काही गाड्यांत स्टार्टरलाही करंट मिळत नाही.

खरं तर हे काम जुना बीसीएम गाडीत असतानाच सुरू करायचं असतं. जुना बीसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर आधी त्याचं कॉन्फिगरेशन (चासी नंबर आणि गाडीत काय काय आहे याची नोंद) वाचून साठवून घ्यायचं, मग मॉड्यूल बदलायचं आणि तेच नव्यात लिहायचं. तुमच्याकडे जुना अजून असेल आणि तो बोलत असेल, तर तो परत लावा आणि वाचून घ्या. तो पूर्ण मेला असेल तर चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हरवरचा मूळ डेटा घ्यावा लागतो. ते अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा त्या ब्रँडचं पूर्ण लायसन्स असलेला स्कॅनर यांनाच जमतं. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर सहसा फॉल्ट कोड दाखवतो, हे लिहिण्याचं काम (कोडिंग) करत नाही.

जाताना आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि गाडीच्या सगळ्या किल्ल्या न्या. सगळ्या म्हणजे घरी कपाटात ठेवलेलीसुद्धा. बऱ्याच सिस्टिममध्ये नव्याने किल्ल्या शिकवताना जी समोर नसते तिची नोंद राहत नाही, नंतर तिच्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. सिक्युरिटी कोड अंदाजाने टाकू देऊ नका. चुकीचा कोड वारंवार टाकला की सिस्टिम काही काळ अडून बसते.

लिहिण्याचं काम चालू असताना बॅटरीला साधारण १३ ते १३.५ व्होल्टचा स्थिर सप्लाय हवा. साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज थरथरतं. प्रोग्रॅमिंगसाठीचा सपोर्ट चार्जर वापरतात. एसी, ब्लोअर, दिवे बंद, दार उघडझाप बंद. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं तर नवाकोरा बीसीएम निकामी होऊ शकतो. हा चार्जर न लावता कुणी लॅपटॉप जोडायला लागलं तर तिथेच थांबवा.

काम झाल्यावर सगळे फॉल्ट कोड पुसा, इग्निशन बंद-चालू करा आणि पुन्हा वाचा. मग प्रत्येक गोष्ट हाताने चालवून बघा : दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, हॅझर्ड, वायपरचे सगळे वेग, रिव्हर्स दिवा, हॉर्न, लॉक, रिमोट. पॉवर विंडो एकदम वर जायची बंद झाली असेल तर ती पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की होतं.

प्रश्न : जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा बीसीएम एक चतुर्थांश किमतीत मिळतोय. घ्यावा का?
— वाचक, पुणे

उत्तर : पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळत नसेल तर घेऊ नका. कपलर बसतो म्हणून मॉड्यूल चालतं असं नाही. जुळला तरी त्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर आणि किल्ल्या भरलेल्या असतात, आणि काही कंपन्यांचे बीसीएम एकदा एका गाडीला बांधले की सुटतच नाहीत. मग तुमच्या मूळ बीसीएमची मेमरी चिप वाचून विकत घेतलेल्यात उतरवावी लागते. ते करणारा माहीतगार माणूस आधी गाठा, त्याचा खर्च किमतीत धरा, मग हिशेब करा. काही मॉडेलमध्ये किलोमीटरचा आकडाही बीसीएममध्ये असतो. तो बदलला तर वॉरंटी आणि गाडी विकताना प्रश्न उभे राहतात, म्हणून बदलाची तारीख आणि रीडिंग बिलावर लिहून घ्या. पुरात सापडलेल्या गाडीचा पार्ट फुकट मिळाला तरी नको.

प्रश्न : २४ व्होल्टच्या ट्रकला मागे एलईडी इंडिकेटर, वर चार फॉग लॅम्प आणि मोठा हॉर्न लावला. आता डावा इंडिकेटर भराभर लुकलुकतो, कधी बंदच पडतो. इग्निशन बंद-चालू केलं की पुन्हा येतो. बीसीएम बदलू का?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : नका बदलू. तो स्वतःला वाचवतोय. आजच्या बीसीएममध्ये दिव्यांना करंट देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. जास्त करंट किंवा शॉर्ट दिसला की ते आउटपुट बंद करतात आणि अनेकदा इग्निशन फिरवल्यावरच परत चालू करतात. तुमच्या डाव्या बाजूच्या वायरीत कुठेतरी टॅप मारून जास्तीचा लोड जोडलाय किंवा चासीवर वायर घासलीय. मागच्या दिव्याचा कपलर काढून बघा, आउटपुट टिकला तर दोष त्यापुढे आहे.

भराभर लुकलुकणं हे वेगळं. २१ वॅटचा बल्ब २४ व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या वर ओढतो, एलईडी त्याचा जेमतेम काही भाग. बीसीएमला वाटतं बल्ब उडाला. एलईडीचा पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये असेल तर तो चालू करून घ्या. नसेल तर दिव्याला समांतर सुमारे २७ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावा. तो तापतो, म्हणून पत्र्यावर कसून बसवा, प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकवू नका.

फॉग लॅम्प आणि हॉर्नला सप्लाय थेट बॅटरीवरून, जवळच फ्यूज टाकून, वेगळ्या रिलेतून द्या. रिलेच्या ३० नंबर पिनवर बॅटरी, ८७वरून लोड, ८५ आणि ८६ कॉइलला. २४ व्होल्टचाच रिले आणि कॉइलवर डायोड किंवा रेझिस्टर आतच बसवलेला घ्या, नाहीतर कॉइल सुटतानाचा झटका स्विचला लागतो. म्युझिक सिस्टिमसाठी दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर तेही बंद करा. एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होते. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. आणि बॉडीवर वेल्डिंग करताना दोन्ही टर्मिनल काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे टाका मारायचा त्याच्या अगदी शेजारी लावा.

प्रश्न : स्कॅनरवर यू०१४० कोड येतो. याचा अर्थ बीसीएम खराब, असं मेकॅनिक म्हणतात.
— वाचक, नांदेड

उत्तर : त्याचा अर्थ इतकाच की दुसऱ्या मॉड्यूलना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही. सप्लाय, अर्थ आणि कॅन लाइन (मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती पीळ दिलेली दोन वायरींची जोडी) तपासा. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आले तर लाइन ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटली आहे, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइन यांच्यामधलं मॉड्यूल) असतो तिथे हे माप बीसीएमच्या कपलरवरच घ्यावं लागतं. उंदरांनी कुरतडलेली वळलेली जोडी सांधताना पुन्हा पीळ द्या, टाका मारून स्लीव्ह चढवा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात पुन्हा तोच कोड देतो.