सॉलिड जेएसमध्ये ‘शो’ आणि ‘फॉर’ हे कंपोनंट खरंच लागतात का, की टर्नरी आणि मॅपवर भागतं?

सॉलिड म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये वेब स्क्रीन बनवायची लायब्ररी. ‘शो’ अट खरी असेल तरच मजकूर दाखवतो; त्याचं म्हणाल तर टर्नरीवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या ‘अट ? हे : ते’वर, भागतं. ‘फॉर’ यादीतल्या प्रत्येक नोंदीची ओळ बनवतो; त्याचं म्हणाल तर मॅपवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या यादी फिरवायच्या फंक्शनवर, अजिबात नाही.

एवढं लिहून थांबणार होते, पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य खुपलं: ‘आमचे सीनियर म्हणतात, जावास्क्रिप्ट येत असेल तर असले कंपोनंट लागत नाहीत.’ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या ऑफिसात हे वाक्य उठता-बसता ऐकलंय.

मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यासाठी सौद्याची नोंद आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) काढायचा स्क्रीन करत होतो, तोही सॉलिडसारख्याच दुसऱ्या एका लायब्ररीत, रिअ‍ॅक्टमध्ये. एका ओळीत एक शेतकरी: नाव, गुळाचे रवे, वजन, दर. दिवाणजी वजनं भरत जाणार, एखादा माल सौद्यातून मागं घेतला की ती ओळ उडवणार. लीडनं मॅप लावला, ‘की’ (ओळीची ओळख) म्हणून ओळीचा क्रमांक दिला, कन्सोलमधली वॉर्निंग गेली, विषय संपला. रिव्ह्यूत मी विचारलं, मधलीच ओळ उडवली तर? त्यावर ‘जावास्क्रिप्ट येत असेल तर’चं कीर्तन ऐकून घेतलं.

दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले, आवक वाढली आणि फोन सुरू झाले. एकाचं वजन दुसऱ्याच्या पट्टीवर. लीडचं ठाम मत, दिवाणजी गडबडीत चुकीचं टाइप करतात. शेवटी मीच यार्डात जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी चार ओळी भरल्या आणि दुसरी उडवली. दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव गेलं, पण त्याचं वजन जागेवरच राहिलं. तिसरा वर सरकला आणि त्या वजनासमोर येऊन बसला, चौथ्यासमोर तिसऱ्याचं वजन, आणि चौथ्याचं स्वतःचं वजन गायब. दिवाणजींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “ताई, आता हे मी टाइप केलं व्हय?”

कारण साधं आहे. वजनाचा इनपुट अनकंट्रोल्ड होता, म्हणजे आकडा डोममध्येच (ब्राउझरनं स्क्रीनसाठी धरलेल्या रचनेत) पडून. रिअ‍ॅक्ट ओळ ओळखतो ती ‘की’वरून. आधी ‘की’ होत्या ०, १, २, ३. एक ओळ गेल्यावर उरल्या ०, १, २. त्याच्या हिशेबानं गेली ती शेवटची ओळ, म्हणून त्यानं शेवटचा इनपुट काढला आणि बाकीच्यांत फक्त नावं बदलली. लॉट नंबर ‘की’ म्हणून दिला आणि तक्रारी बंद झाल्या. मीटिंगच्या नोंदीत मात्र शेवटपर्यंत ‘युजर इश्यू’च राहिलं.

आता सॉलिड. तिथं ‘फॉर’ला ‘की’ द्यायचीच नसते. ऑब्जेक्ट तोच असेल तर ओळ तीच, मग ती वर सरको नाहीतर खाली. सरळ मॅप लावलात तर यादीला हात लागला की सगळ्याच ओळींचे डोम नोड नव्यानं बनतात, डोममधला मजकूर आणि फोकस गेला खड्ड्यात. जावास्क्रिप्ट कितीही येत असली तरी मॅपला ‘ही ओळ कालचीच आहे’ हे कळत नाही. अँग्युलर या आणखी एका फ्रेमवर्कवाल्यांनीही २०२३ साली १७व्या आवृत्तीत नवा फॉर ब्लॉक आणला, तेव्हा त्यात ‘ट्रॅक’, म्हणजे ओळ कशावरून ओळखायची ते सांगणं, सक्तीचं केलं. विसरलात तर बिल्डच अडतं. तेही सगळे नवशिकेच म्हणायचे का? (ट्रॅकला क्रमांकच दिलात तर अँग्युलरही वाचवत नाही, हा भाग वेगळा.)

‘शो’पुरती टर्नरी चालते, कारण सॉलिडचा कंपायलर टर्नरीतली अट स्वतःच मेमो करतो, म्हणजे अटीचं उत्तर बदललं तरच आतला मजकूर परत बनतो. तरी मी ‘शो’च लिहिते. रिअ‍ॅक्टमध्ये यादीच्या लेंग्थवर (ओळींच्या संख्येवर) ‘अँड अँड’ (&&) लावलं आणि त्या दिवशी आवक नसली की स्क्रीनवर नुसतं ० उमटतं. ‘शो’ला ० म्हणजे नाहीच, तो सरळ फॉलबॅक, म्हणजे पर्यायी मजकूर, दाखवतो. ‘फॉर’लाही फॉलबॅक आहे, रिकाम्या यादीसाठी वेगळी अट लिहू नका.

आता जरा सांभाळून. प्रत्येक की-प्रेसला ओळीच्या ऑब्जेक्टची नवी कॉपी करत असाल तर ‘फॉर’ ती ओळ नवी समजून परत बनवणार, आणि एक आकडा टाकला की कर्सर बाहेर. तिथं स्टोअर (ऑब्जेक्ट तोच ठेवून आतली व्हॅल्यू बदलायचं सॉलिडचं साधन) वापरा, नाहीतर ‘इंडेक्स’ हा कंपोनंट. ‘इंडेक्स’मध्ये जागा कायम असते आणि व्हॅल्यू सिग्नल (बदलली की स्क्रीनवर आपोआप दिसणारी) म्हणून येते, ‘फॉर’मध्ये बरोबर उलटं. नुसत्या आकड्यांची किंवा स्ट्रिंगची यादी असेल तरी ‘इंडेक्स’च बरा.

आणि हे वाचून रिअ‍ॅक्टमध्ये घरचा ‘शो’ करायला जाऊ नका. सॉलिड आतला मजकूर लागेल तेव्हाच चालवतो. रिअ‍ॅक्टमध्ये आतली एक्स्प्रेशन्स अट तपासायच्या आधीच चालतात, त्यामुळं पट्टी नल (अजून नसलेली) असताना आत पट्टीवरचं नाव मागितलंत की स्क्रीन पांढरा. एवढ्यापुरता आमचा लीड बरोबर निघतो. पण त्यानं हे कारण कधी दिलं नाही, त्याला ते फक्त दिसायला आवडत नव्हतं. तुमच्या सीनियरना कारण विचारा. मेमो किंवा डोम नोड यातलं काही बोलले तर ऐका, नाहीतर पुढच्या रिव्ह्यूत मधली ओळ उडवून दाखवा.