५८ व्या वर्षी एमआरआयमध्ये खांद्याचा टेंडन अंशतः फाटलेला दिसला. बॅडमिंटन आणि पोहणं सोडायचं का?

नमस्कार. तुम्ही गोव्यात ताळगावला राहता, पावसाळाभर हॉलमध्ये डबल्स खेळता आणि ऑक्टोबरपासून मिरामारला पोहता. दीड महिन्यापासून उजवा हात वर नेताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि एमआरआयच्या रिपोर्टात 'सुप्रास्पायनेटस टेंडन अंशतः फाटलेला' असं लिहून आलंय. म्हणजे हात वर उचलायला मदत करणाऱ्या खांद्याच्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर थोडा फाटलाय. सोडू नका. पण पुढचे तीन महिने खेळापेक्षा व्यायामाला जास्त मान द्यावा लागेल.

आधी त्या रिपोर्टाची भीती काढू. पन्नाशी-साठीनंतर ज्यांचा खांदा अजिबात दुखत नाही, त्यांचा एमआरआय काढला तरी अनेकांमध्ये असंच काहीतरी सापडतं. टेंडनचे धागे वयानुसार विरत जातात. कळ येते ती बहुतेक वेळा भार एकाएकी वाढल्यामुळे. आपल्याकडे हे कधी घडतं तेही बघा. जूनमध्ये समुद्र बंद होतो आणि सगळे हॉलकडे वळतात, आठवड्यातून एकदा खेळणारा चारदा खेळू लागतो. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला तासन्‌तास हात डोक्यावर. मग ऑक्टोबरला चार महिने न पोहलेला खांदा पहिल्याच रविवारी अर्धा तास फ्रीस्टाइल मारतो. टेंडनला नव्या भाराची सवय व्हायला आठवडे लागतात, इथे त्याला दोन दिवसही मिळत नाहीत.

व्यायामाकडे वळण्यापूर्वी घरीच दोन गोष्टी तपासा. दोन्ही कोपरं कुशीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचे पंजे हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. उजवा हात डाव्यापेक्षा स्पष्टपणे आधीच अडत असेल, तर हा 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे आखडलेला सांधा, असू शकतो. तो मधुमेहात जास्त होतो, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) तपासून घ्या. त्याचा उपचारही वेगळा असतो. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात जोर लावून ताणलं तर उलट चिघळतं. दुसरी तपासणी मानेची: मान वळवल्यावर किंवा मागे टाकल्यावर कळ हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत असू शकतं.

काही बाबतींत मात्र आठवडाभरही थांबू नका. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला, तर लगेच बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, कारण ताजा पूर्ण फाटलेला टेंडन शिवायचा असेल तर लवकर शिवलेला बरा. ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा कुठल्याच स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना असेल तरीही तसंच. दोन्ही खांदे सकाळी पाऊणएक तास आखडलेले राहत असतील, तर ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करा. पन्नाशीनंतरचा एक वेगळा, औषधाने चांगला आटोक्यात येणारा आजार त्यामागे असू शकतो. आणि हात हलवल्याने न बदलणारी, चालताना किंवा जिना चढताना येणारी, घाम-धाप घेऊन येणारी खांद्याची कळ हृदयाची समजा आणि १०८ ला फोन करा.

यातलं काही नसेल, तर दरवाजाच्या चौकटीपासून सुरुवात. चौकटीला उजवी बाजू लावून उभे राहा, कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची घडी. तळहाताची मागची बाजू चौकटीवर बाहेरच्या दिशेने दाबा, पूर्ण ताकदीच्या साधारण निम्म्या जोराने. ३० ते ४५ सेकंद धरा, मिनिटभर विश्रांती, असं ५ वेळा, रोज. यात सांधा हलत नाही, तरी टेंडनवर भार येतो आणि बऱ्याच जणांना वेदनाही कमी वाटते.

दोनएक आठवड्यांनी, रात्रीची वेदना उतरू लागली की वजन घ्या. डाव्या कुशीवर झोपा, टॉवेलची घडी उजव्या कोपराखाली तशीच. हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. पंजा पोटाजवळून वर छताकडे न्या, दोन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली. १२ ते १५ वेळा, असे ३ संच. हे एक दिवसाआड. खिडकीच्या गजाला रेझिस्टन्स बँड (व्यायामाचा रबरी पट्टा) बांधून दोन्ही कोपरं मागे ओढायची (१२ वेळा, ३ संच), आणि भिंतीवर पुशअप. ते सोपे झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर. सहाव्या आठवड्यापासून अंगठा छताकडे ठेवून, हात सरळ बाजूला न नेता थोडा पुढच्या कोनात, आधी खांद्याच्या उंचीपर्यंत आणि नंतर डोक्यावर उचला.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, हात उचलताना खांदा कानाकडे चढतो. वजन जास्त असल्याची ती खूण. दोन, बाटली झोका देऊन वर फेकली जाते. खाली आणताना चार सेकंद मोजले की हे आपोआप सुटतं. तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते: तिसऱ्या आठवड्यात कळ कमी झाली की व्यायाम बंद, किंवा तोच हलका पिवळा बँड चार महिने. १५ वेळा सहज जमलं की अर्ध्याची एक लिटर करा, एकाची दीड. टेंडन बळकट व्हायला बारा आठवडे धरून चाला.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. वाढलेलं असेल तर एक संच कमी करा किंवा वजन निम्मं करा. बंद करू नका, कारण पूर्ण विश्रांतीत टेंडन आणखी दुबळा होतो.

झोपताना पाठीवर झोपून कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे हात मागे लोंबत नाही. डाव्या कुशीवर असाल तर उशी कवटाळा.

गोळ्यांबद्दल: पॅरासिटामॉल चालते, पण आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. गोळी घेऊन कोर्टवर उतरणं तर नकोच, त्यात इशारा देणारी कळच झाकली जाते. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, व्यायाम सुरू करायला तेवढी उसंत पुरते. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढेल हे ध्यानात ठेवा. कुणी 'हाडाखाली जागा करणारी' दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली, तर एक माहिती हाताशी असू द्या: ब्रिटनच्या ३२ रुग्णालयांत, टेंडन शाबूत किंवा अंशतः फाटलेला असलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. नुसती दुर्बीण आत घालून बाहेर काढलेल्यांइतकाच खऱ्या शस्त्रक्रियेचा फायदा दिसला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

बॅडमिंटनला परतताना क्रम पाळा: आधी नेटजवळचे आणि ड्राइव्ह (सपाट) फटके, मग ड्रॉप (नेटपलीकडे हलकेच टाकलेला), मग क्लिअर (उंच, मागच्या रेषेपर्यंत), स्मॅश (जोरात खाली मारलेला) शेवटी. कुशीवरचा व्यायाम दीड-दोन किलोने १५ वेळा न दुखता झाला की स्मॅशला हात घाला. पहिल्या आठवड्यात एका सत्रात दहाच, मोजून. लागोपाठच्या दिवशी खेळू नका. रॅकेट ५यू (७५ ते ७९ ग्रॅम), डोकं जड नसलेली. तार दोन पौंडांनी सैल. पण माझ्या मते खांद्याचं खरं दुखणं पायांत असतं. पाय उशिरा पोचले की शटल डोक्याच्या मागे जातं आणि मागे वाकलेल्या हाताला सगळी ताकद एकट्याने लावावी लागते. डबल्समध्ये मागच्या कोपऱ्यातलं शटल साथीदाराला सोडायला शिका.

पोहण्यासाठी ऑक्टोबरची वाट बघू नका. सप्टेंबरात कांपालच्या तलावात २०० मीटरपासून सुरुवात करा, मध्ये ब्रेस्टस्ट्रोक घालत, आणि दर आठवड्याला ५० मीटरच वाढवा. हातातली पॅडल्स (पाणी जास्त ढकलायला तळहातावर बांधायच्या चकत्या) वर्षभर कपाटात. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी नको, बोटं सरळ पुढे. डोक्यासमोरची मधली रेघ हाताने ओलांडू नये. आणि धड दोन्ही बाजूंना वळलं पाहिजे, ते न वळता सपाट राहिलं की खांदा चिमटतो. समुद्रात टेकायला भिंत नसते, म्हणून सुरुवातीचे आठवडे जीवरक्षकांच्या नजरेसमोर किनाऱ्याला समांतर, छातीभर पाण्यातच पोहा, म्हणजे कळ आली तर उभं राहता येईल.